नुसतं ‘चोरी!!!’ लिहून भागत नाही: मराठी प्रकाशक, संपादक आणि लेखकांच्या वारसांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार, वि. वि.

वाचकच जुनी पुस्तकं, अंक, लेख आणि ध्वनिमुद्रणं आणून चढवतात अशा एका मराठी संकेतस्थळावर कॉपीराइटच्या तक्रारी वाचण्याचं काम माझ्याकडे आहे. तुमच्यापैकी अनेकांशी माझा पत्रव्यवहार झालेला आहे. काहींनी शेवटी मला शिव्या घातल्या, काहींनी आभार मानले, एकांनी तर स्वतःचं नवं पुस्तक सही करून पाठवलं. पण तोच तोच खुलासा प्रत्येकाला निराळा लिहीत बसण्यापेक्षा एकदाच जाहीरपणे लिहावा, म्हणून हा प्रपंच.

तुमचा राग मला समजतो, हे आधी सांगून टाकतो. पाचशे प्रतींची आवृत्ती काढायची, ती खपायला वर्षं घालवायची आणि त्याच पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर एका रात्रीत गावभर झालेली बघायची, यात कुणाचंही डोकं फिरेल. दिवाळी अंकांचं दुखणं तर त्याहून मोठं. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंकांचा हंगाम ठरलेला आहे. वसुबारसेच्या आधी अंक स्टॉलवर लागतो आणि तुळशीची लग्नं आटोपेपर्यंत त्याचा खप संपत आलेला असतो. एवढ्या दिवसांत फुकट पीडीएफ फिरली तर ती नंतर काढली काय आणि राहिली काय, संपादकाला सारखंच. तेव्हा ‘घाई कशाला’ असं मी कुणालाही म्हणत नाही. घाई हवीच. माझं म्हणणं एवढंच आहे की तुमची घाई पुढे सरकते की अडकते, हे तुमच्या पत्रातच ठरतं.

कायदा काय सांगतो ते थोडक्यात. कॉपीराइट कायदा 1957 सालचा. त्यात 2012 साली मोठी दुरुस्ती झाली आणि त्यापाठोपाठ 2013 चे नियम आले. त्यातला 75 वा नियम आपल्या कामाचा. तक्रार लेखी हवी. कोणती कृती, ती तुमची कशी, चढवलेली प्रत बेकायदा का, ती कायद्याने दिलेल्या सवलतींत का बसत नाही, नेमकी कुठे आहे, आणि माहीत असेल तर ती कोणी चढवली, एवढं त्यात असलं पाहिजे. शिवाय चढवणाऱ्यावर दावा लावून न्यायालयाचा आदेश 21 दिवसांत आणून देतो, अशी हमी लिहून द्यावी लागते. या तपशिलांवरून माझी खात्री पटली, तर 36 तासांच्या आत ती प्रत लोकांना दिसणार नाही अशी व्यवस्था करणं मला भाग आहे. ती बंदी 21 दिवसांची असते. तोवर आदेश आला नाही, तर प्रत पुन्हा खुली करायची मुभा मला आहे, आणि त्याच तक्रारदाराने त्याच जागेबद्दल त्याच कृतीची पुन्हा तक्रार केली तर तिला उत्तर देण्याचं बंधन माझ्यावर उरत नाही.

आता प्रत्यक्षात काय येतं ते बघा. विषयाच्या ओळीत ‘चोरी!!!’, तीन उद्गारचिन्हं. आत संगणकाच्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो. त्यात पुस्तकाचं मुखपृष्ठ तिरकं दिसतंय, पंख्याची सावली पडलीय आणि वरचा पत्ता नेमका कापला गेलाय. खाली मजकूर: ‘आमची सर्व पुस्तके तात्काळ काढा, अन्यथा कलम 63 आणि 420 खाली फौजदारी कारवाई.’ कोणती सर्व? या प्रकाशकांच्या यादीत दोनशेच्या वर पुस्तकं असतात, त्यातली निम्मी आमच्याकडे नाहीतच, आणि जी आहेत त्यातली काही त्यांच्याच लेखकांनी आपणहून चढवलेली. 420 चं म्हणाल, तर भारतीय दंड संहिता 1 जुलै 2024 पासून गेली, तिच्या जागी न्याय संहिता आली. पण मराठी माणसाच्या धमकीतून हा आकडा जाईल असं वाटत नाही. कॉपीराइट कायद्यातलं 63 मात्र खरं आहे. त्यात किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षं कैद आहे, आणि 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. पण त्याने पत्त्याची उणीव भरून निघत नाही. फाइल कुठे आहे हे न कळता मी ती काढू कशी?

हा माझा आळस नव्हे. एका बड्या संगीत कंपनीने मायस्पेस या संकेतस्थळाविरुद्ध लावलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2016 साली हेच सांगितलं. नुसती गाण्यांची भलीमोठी यादी हाती दिल्याने संकेतस्थळाला प्रत्येक उल्लंघनाची माहिती झाली असं होत नाही. कोणती प्रत कुठे आहे ते दाखवावं लागतं. त्या कंपनीकडे वकिलांची फौज होती. तुमच्याकडे ती नसेल, पण पत्ता कॉपी करून चिकटवायला वकील लागत नाही.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. इंग्रजीत लांबलचक नोटीस येते, शपथभंगाच्या शिक्षेची आठवण करून देणारी. ती 1998 च्या अमेरिकी कायद्याखालच्या नमुन्यावरून जशीच्या तशी उतरवलेली असते. (कॉपीची तक्रार कॉपी करून पाठवायची, हे मला अजून गमतीचं वाटतं.) यूट्यूबसारख्या अमेरिकी कंपनीकडे हा नमुना चालतो. तिथे चढवणाऱ्याला उलट नोटीस देता येते, आणि तक्रारदाराने दावा लावला नाही तर 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत येतो. आपल्या 75 व्या नियमात ही उलट नोटिशीची सोय नाही. कुणाची प्रत बंद केली, तर ती उघडायला येणाऱ्यांना बंदीचं कारण दाखवायचं, एवढं त्यात आहे. चढवणाऱ्याचं म्हणणं ऐकून घ्या असं कुठेही लिहिलेलं नाही. ही मला नियमातली मोठी त्रुटी वाटते. म्हणून आम्ही आमच्यापुरतं ठरवलंय: प्रत बंद केली की चढवणाऱ्याला कळवायचं आणि त्याचं उत्तर आलं तर ते तक्रारदाराला दाखवायचं. यावर काही प्रकाशक नाराज होतात, ‘चोराला कसली संधी देता?’ म्हणतात. ज्याला तुम्ही चोर म्हणता तो कधीकधी लेखकाचा नातू निघतो, म्हणून.

वारसांचा विषय निघालाच आहे, तर त्यावर जरा थांबतो. माझा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो.

आपल्याकडच्या जुन्या पुस्तकाचं श्रेयनामावलीचं पान उघडा. कॉपीराइटच्या खुणेपुढे बहुतेक वेळा लेखकाच्या पत्नीचं नाव असतं, ‘सौ.’ लावून. पुस्तक छापलं प्रकाशकाने, लिहिलं नवऱ्याने, हक्क बाईंच्या नावावर. पुढे लेखक जातात, बाई जातात, प्रकाशन संस्था मुलाकडे येते किंवा दुसऱ्याला विकली जाते. मग एक दिवस तक्रार येते ती प्रकाशकाच्या मुलाची: ‘हे आमचं पुस्तक.’ आणि ज्यांनी ते चढवलंय ती त्या ‘सौ.’ची पुण्यातली धाकटी लेक असते. ती म्हणते, बाबांचं पुस्तक कुठे मिळतच नव्हतं. अमेरिकेतला थोरला भाऊ तिसऱ्याच प्रकाशकाला परवानगी देऊन बसलेला असतो. यात मी न्यायाधीश नाही. पण प्रकाशक जेव्हा ‘हक्क आमच्याकडे’ म्हणतो, तेव्हा मी करारनाम्याची प्रत मागतो, आणि ती मागितली की लोकांना अपमान वाटतो.

अपमान नाही हो, कायदाच तसा आहे. हक्क सोपवायचा तर लेखी, सहीनिशी सोपवावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते; प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. तुमच्या कपाटात 1998 सालचा एका पानाचा कागद असेल, ‘प्रथमावृत्ती 1100 प्रती, मानधन एकरकमी’ एवढाच, तर त्यावरून आज ई-पुस्तकाचा हक्क सांगणं कठीण आहे. 2012 च्या दुरुस्तीने तर स्पष्टच लिहिलं, की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यवहारात नव्हतं, त्याचा करारात उल्लेख असल्याशिवाय तो हक्क सोपवला गेला असं धरायचं नाही. अशा वेळी माझा सल्ला एकच असतो: लेखकाकडून किंवा सगळ्या वारसांकडून आजच्या तारखेचं पत्र घ्या. पुष्कळदा ते दोन फोन करून मिळतं, आणि त्या निमित्ताने थकलेली रॉयल्टीही चुकती होते. हे दुसरं मी कुणाला ऐकवत नाही, इथे लिहून टाकलं.

मुदतीचंही तसंच. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं मोजतात. आधी ही मुदत 50 होती. टागोरांच्या साहित्याची मुदत 1991 अखेर संपत होती, त्या सुमारास ती वाढवली गेली. साने गुरुजी जून 1950 मध्ये गेले, म्हणजे 1 जानेवारी 2011 पासून त्यांचं लेखन कुणालाही छापता येतं, चढवता येतं, मोठ्याने वाचता येतं. तरी त्यांच्या पुस्तकांवर ‘सर्व हक्क स्वाधीन’ म्हणत तक्रारी येतात. हक्क असलाच तर नव्या मुखपृष्ठाचा असेल, चित्रांचा असेल, प्रस्तावनेचा असेल. आचार्य अत्रे 1969 मध्ये गेले, त्यांचं लेखन 2029 अखेरपर्यंत संरक्षित आहे. ते कुणी सरसकट चढवलं तर तक्रार रास्तच. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हिशेब निराळा. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या, त्यांच्या कविता पुस्तकरूपाने 1952 मध्ये आल्या, म्हणून मोजणी त्या वर्षापासून. 2012 अखेर तीही संपली. पत्र पाठवण्याआधी हे गणित करायला पाच मिनिटं पुरतात.

आता ज्या तक्रारीने मला खरंच शिकवलं तिच्याबद्दल. एका छोट्या प्रकाशकांनी तुकारामांच्या गाथेची सार्थ आवृत्ती काढलेली. ती कुणीतरी टंकून, म्हणजे चित्ररूपात नव्हे, मजकूररूपात चढवली. चढवणाऱ्याचं उत्तर तयार होतं: ‘गाथा साडेतीनशे वर्षांपूर्वीची, तिच्यावर कसला हक्क?’ त्याचं अर्धं म्हणणं खरं होतं. प्रकाशकांनी धमकी दिली नाही. त्यांनी दोन पानांचे स्कॅन पाठवले. त्यांच्या आवृत्तीत एका पानावर तळटीप 13 नंतर थेट 15 आहे, 14 राहूनच गेलीय. चढवलेल्या मजकुरातही 13 नंतर 15. दुसऱ्या पानावर अभंगाच्या अर्थामध्ये ‘वारी’च्या जागी ‘वारा’ पडलाय, इकडेही ‘वारा’. मुद्राराक्षसाने साक्ष दिली! सोबत त्यांनी लिहिलं होतं: ‘अभंग आमचे नाहीत, ते राहू द्या. अर्थ आणि टीपा आमच्या संपादकांच्या आहेत, त्या काढा.’ वाचून संपेपर्यंत माझा निर्णय झाला होता. अर्थ आणि टीपा त्याच दिवशी उतरल्या, अभंग अजून आहेत.

त्यांनी जी रेघ आखली तीच न्यायालयंही आखतात. न्यायनिर्णय छापणाऱ्या एका प्रकाशनाच्या दाव्यात 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मूळ निकालावर कुणाची मालकी नाही, आणि शुद्धलेखन सुधारणं, किरकोळ चुका काढणं एवढ्याने नवा हक्क जन्मत नाही. पण विचारपूर्वक पाडलेले परिच्छेद, त्यांचे अंतर्गत संदर्भ, यात संपादकाचं कौशल्य आणि विवेक दिसत असेल तर तेवढ्याला संरक्षण आहे. जुन्या संहितांच्या आवृत्त्या काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ज्ञानेश्वरी तुमची नाही. तुमची प्रस्तावना तुमची आहे.

‘कल्पना चोरली’ या तक्रारींना मी फार वेळ देत नाही. कल्पनेवर हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच सांगून झालंय. सासू-सुनेची भांडणं आणि शेवटी आईच्या पेटीत सापडलेलं पत्र, एवढ्या साम्यावर कथा काढून टाकायची, तर निम्मे दिवाळी अंक कोरे निघतील.

एका प्रकारच्या तक्रारींना मात्र मी ठाम नकार देतो, आणि त्यावर माझ्याशी भांडणं झालेली आहेत. पुस्तकावर कडक परीक्षण येतं. परीक्षणात कवितेच्या आठ ओळी उद्धृत केलेल्या असतात, मुखपृष्ठाचं चित्र असतं. चार दिवसांनी कवीची तक्रार येते, कॉपीराइट उल्लंघनाची. त्याच कवीच्या दुसऱ्या संग्रहाचं गोडगोड परीक्षण आमच्याकडे आहे, त्यात वीस ओळी आहेत, त्याबद्दल चकार शब्द नाही. समीक्षेसाठी उचित वापराची सवलत कायद्याच्या 52 व्या कलमात आहे आणि तक्रारदाराने, आपण सांगतोय तो प्रकार त्या सवलतीत बसत नाही, हेही दाखवायचं असतं. नुसतं ‘बसत नाही’ म्हणून कसं चालेल? आणि उगाच धमक्या देणाऱ्यांसाठी 60 वं कलमही आहे: ज्याला बिनबुडाची धमकी मिळाली तो उलट न्यायालयात जाऊन मनाई आणि भरपाई मागू शकतो. यूट्यूबवर 90 दिवसांत तीन स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट उल्लंघनाचे ठपके, पडले की वाहिनीच बंद होऊ शकते. 2025 मध्ये काही सेकंदांच्या चित्रफितींवरून एका वृत्तसंस्थेने स्ट्राइक टाकल्याच्या आणि मिटवायला मोठ्या रकमा मागितल्याच्या तक्रारी देशभरच्या यूट्यूबरांनी जाहीरपणे केल्या, त्यावरून हे हत्यार किती धारदार आहे ते सगळ्यांना कळलं. ते आपल्याच समीक्षकांवर उगारू नका.

दृष्टिहीन वाचकांसाठी वाचून ध्वनिमुद्रित केलेल्या पुस्तकांबद्दलही लिहितो, कारण इथे दोन्ही बाजू गोंधळलेल्या असतात. 2012 च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा स्वरूपात पुस्तक करायला, नफा न कमावता द्यायला, परवानगीची गरज ठेवलेली नाही. या विषयावरचा मराकेश करार मान्य करणारा भारत 2014 मध्ये जगातला पहिला देश ठरला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. तेव्हा प्रकाशकांनी अशा संस्थांना नोटिसा पाठवू नयेत. पण वाचकमित्रांनो, तीच फाइल सगळ्या जगाला खुली करून वर ‘अंधांसाठी’ अशी पाटी लावली, की सवलत संपली. ती प्रत ज्यांच्यासाठी केली त्यांच्याकडेच राहील याची काळजी घ्यायची अट त्याच कलमात आहे. आम्ही अशा फाइली नोंदणी केलेल्या वाचकांनाच देतो.

फाइल चढवणाऱ्याचं नाव, फोन, पत्ता मागू नका. मी देणार नाही. ते न्यायालयाने सांगितलं तरच द्यायचं असतं, आणि न्यायालय सांगतंही. शिकवणीच्या नोट्स आणि व्याख्यानं टेलिग्रामवर फुकट वाटली जात होती, त्या प्रकरणात 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते चालवणाऱ्यांची माहिती द्यायला टेलिग्रामला भाग पाडलं. त्याआधी 2020 मध्ये एका हिंदी वृत्तपत्राच्या ई-पेपरच्या पीडीएफबद्दलही टेलिग्रामवर आदेश झाला होता. म्हणजे रस्ता आहे. शिवाय कॉपीराइटच्या दाव्यात तुम्हाला प्रतिवादीच्या गावी धावावं लागत नाही. 62 व्या कलमाने तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. सांगलीचा प्रकाशक सांगलीत लावू शकतो.

हे म्हणणं सोपं, हे मलाही कळतं. अडीचशे रुपयांच्या पुस्तकासाठी 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश कोण आणणार? जवळजवळ कुणीच आणत नाही. नियमाप्रमाणे 22 व्या दिवशी मी प्रत पुन्हा खुली करू शकतो. ‘करू शकतो’, केलीच पाहिजे असं नाही. या फटीत आमचा कारभार चालतो: तक्रार नेमकी आहे, हक्काचा कागद आहे आणि चढवणाऱ्याने उत्तरच दिलेलं नाही किंवा दिलेलं उत्तर टिकत नाही, तर आदेश नसला तरी ती प्रत आम्ही परत आणत नाही. तीच फाइल दुसऱ्या नावाने पुन्हा चढवली गेली तर यंत्रणा ती ओळखून अडवते. पुन्हा स्कॅन करून आणली तर अडवत नाही, तिथे तुम्हालाच कळवावं लागेल. याउलट, तक्रार मोघम असेल, तर 21 दिवसांनंतर प्रत अडवून ठेवण्याचं मला काही कारण उरत नाही.

येत्या हंगामासाठी एक व्यावहारिक विनंती. अंक छपाईला गेला की मुखपृष्ठ, श्रेयनामावलीचं पान आणि संपादकीय विभागातल्या एका माणसाचा चालू असलेला फोन नंबर आमच्या तक्रारपेटीत पाठवून ठेवा. ‘संपर्क: कार्यालयीन वेळेत’ नको, पीडीएफ रात्री अकरानंतर चढतात. अंकातल्या कथा-कवितांचे हक्क लेखकांकडेच राहतात की तुमच्याकडे, तेही एका ओळीत लिहा, म्हणजे एखाद्या कवीने स्वतःचीच कविता चढवली तर मी ती तुमच्या तक्रारीवरून उतरवणार नाही. मग अंक दिसला की फक्त पानाचा पत्ता धाडा. दिवाळीच्या दिवसांत पेटी रोज उघडली जाते, पाडव्यालासुद्धा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला,
तक्रारपेटी सांभाळणारा